लांब्याचं सुतक

माझं लग्न एका नटापायी अडलं होतं. नट अमेरिकेतला, घोड्यावर बसून बंदूक चालवणारा. तो मेला म्हणून आमच्या घरात सुतक आलं, आणि तो मेलेला नाही हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आता हे सांगितलं की नातसुना तोंडाला पदर लावून हसतात. तेव्हा मी हसले नव्हते. मला धुळ्याला जायचं होतं.

आमचं गाव शिरपूरपासून बैलगाडीने दोन-अडीच तासांवर, सातपुड्याच्या अंगाला. जमीन कापसाची. विहीर एकच, आणि ती इतकी खोल की दोर ओढून ओढून माझे तळहात बाप्यांसारखे झाले होते. चौथी पास झाले तशी मला शाळेतून काढून त्या दोराला लावलं. सतराव्या वर्षी धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायच्या कामाला होता आणि त्यांच्या दारात नळ होता. मी मुलगा पाहिला नव्हता, नळही पाहिला नव्हता. पण विचारायची वेळ आली तेव्हा मी नळाचं विचारलं. सुपारी फुटली, माघातली तिथी धरली. त्यांची म्हातारी आजी अंथरुणाला खिळलेली, तिला नातसून पाहायची घाई होती. नरडाण्याची एक मुलगी त्यांनी आधीच पाहून ठेवली होती, हे मध्यस्थाने आम्हाला दोनदा सांगितलं. तिथी चुकली की सोयरीक नरडाण्याला जाणार, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

घरात आम्ही अहिराणी बोलायचो. लिहायला मी शाळेतली भाषा शिकले, म्हणून तशी लिहिते. पण माणसं जशी बोलली तशीच मला आठवतात.

आता त्या नटाबद्दल, लांब्याबद्दल सांगते. कापूस निघाला की शिरपूरला सरकी काढायच्या कारखान्यासमोर, म्हणजे जिनासमोर गाड्यांची रांग लागायची. आपली पाळी यायला कधी एक मुक्काम पडायचा, कधी दोन. गाडीवाले बैल सोडून तिथेच राहायचे. हे हेरून दरवर्षी बाजाराच्या पटांगणात तंबूचा सिनेमा यायचा. मालक जळगावकडचा. तो जुनी इंग्रजी चित्रं आणायचा, बहुतेक सगळी घोड्यांची. बोलणं कोणाला कळत नसे, म्हणून पडद्याच्या बाजूला एक माणूस काठी घेऊन उभा असायचा आणि काय चाललंय ते मोठ्याने सांगायचा. हा माणूस भुसावळला रेल्वेत गोऱ्या साहेबाच्या हाताखाली नोकरी करून आलेला. त्याला इंग्रजी किती येत होतं ते त्यालाच ठाऊक. पण सांगायचा असा की लोक चित्र सोडून त्याच्याकडे पाहायचे. पडद्यावर लग्न लागलं की म्हणायचा, टाका अक्षता. आणि लोक खरंच काहीतरी टाकायचे, शेंगांची टरफलं म्हणा, काही म्हणा.

नाना, म्हणजे माझे वडील, बैल पारखण्यात पटाईत होते. जनावर आणि त्याच्यावर बसलेला माणूस, एवढंच त्यांना दिसायचं. इंग्रज गेले त्याच हिवाळ्यात त्यांनी चोरांच्या टोळीत सगळ्यांत मागच्या घोड्यावर एक लांबलचक माणूस पाहिला. मुख्य नट कोण होता ते त्यांना सांगता आलं नाही. घरी येऊन म्हणाले, बाकीच्यांना घोड्यावर ठेवलंय, तो एकटा बसलेला आहे. तोच लांब्या. त्याचं खरं नाव पडद्यावर लिहून येत असणार, पण ते वाचणारं आमच्यात कोणी नव्हतं.

नानांची आवड पाहून काठीवाल्याने त्याचा सगळा जन्म सांगायला सुरुवात केली. लांब्या शेतकऱ्याच्या घरचा. सात भाऊ, त्यात हा पाचवा. बाप म्हणाला नांगर धर, तर हा पळून गेला. सिनेमात त्याला पडायची नोकरी लागली. मुख्य नटाने गोळी झाडली की याने घोड्यावरून पडायचं, उठायचं, अंग झाडायचं आणि दुसरी टोपी घालून पुन्हा पडायला जायचं. दिवसातून चार-पाच वेळा. माझी माय विचारायची, "अन कंबर मोडी गई तं?" नाना म्हणायचे, कंबर मोडली तर दुसरा लांब्या धरतात. पुढच्या हंगामात लांब्या पहिल्या पाव तासात मरायला लागला, म्हणजे त्याला पडायच्या आधी थोडं बोलू देत होते. मग तो मुख्य नटाचा मित्र झाला. मग स्वतःच मुख्य झाला. तलाठ्याचा मामलेदार व्हावा तसे नाना गावभर सांगत फिरले.

भानगड अशी होती की मालकाला चित्रं मिळतील तशी मिळायची. नवं आधी, जुनं नंतर. त्यामुळे मुख्य झालेला लांब्या पुढच्या आठवड्यात पुन्हा चोरांच्या मागे, पाव तासात खाली. नाना संतापून घरी यायचे. "त्याले खाले काबर उतारा? काय गुन्हा कया त्यानी?" एका हंगामात तो आधी पिकल्या केसांचा दिसला आणि महिन्याने मिसरूड फुटलेला. नानांनी तेही चालवून घेतलं. एक गोष्ट मात्र प्रत्येक चित्रात सारखी होती. शेवटी लांब्या घोड्यावर बसून एकटाच डोंगराकडे निघून जायचा. बायको नाही, घर नाही, मागे वळून पाहणं नाही. यावरून आमच्या गावाने ठरवलं की हा गोसावी आहे. गोऱ्यांच्यातला असेल, पण गोसावीच.

पुढे साठच्या आसपास माझा दीर कुठूनसं ऐकून आला की अमेरिकेत लोकांच्या घरात आता चित्राची पेटी असते, आणि लांब्या दर आठवड्याला त्या पेटीत येतो, जेवायच्या वेळी. मी माहेरी गेले तेव्हा नानांना सांगितलं. दर आठवड्याला येतो ना, हे त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "जेवाना टाइमले येस, मंग त्याले वाढतस का कोनी?"

तर लग्नाला आठ दिवस राहिले होते. हंगामाचा शेवटचा कापूस घेऊन गावच्या गाड्या शिरपूरला गेल्या होत्या. सकाळी मी विहिरीवर होते. गाड्या परत आल्या. एरवी गाडीवाले आधी बैल सोडतात. त्या दिवशी सगळे सरळ विहिरीकडे आले, माझ्या हातातला दोर घेतला आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर पाणी ओतायला लागले. वीस-बावीस बाप्ये, एकामागून एक. माघाची थंडी. दात वाजत होते. असं फक्त कोणाच्या मातीला जाऊन आल्यावर करतात. आम्ही बायका घागरी घेऊन बाजूला उभ्या राहिलो. एका म्हातारीने विचारलं, "कोन गयं रे?" एकाने मान खाली घातली, दुसऱ्याने पाण्याची चूळ भरली. सगळ्यांत शेवटी नाना आले. त्यांना मिशी नव्हती.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बाप्या मिशी काढतो ती घरचं माणूस गेल्यावर, आणि लोक पहिलं धरतात की बाप गेला. नाना ओले, मिशीवाचून, गल्लीतून घराकडे चालत आले. बायका दारादारांत उभ्या. आणि त्यांचे वडील, म्हणजे आमचे आबा, ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळत होते.

आबांनी वर पाहिलं. दोर खाली ठेवला.

"मी जित्ता शे," आबा म्हणाले, "अन तू मिशी काढी ऊना?"

"तुमनाकरता नही काढी, आबा."

"मंग कोनाकरता काढी? मनाबिगर दुसरा बाप कोठे व्हता तुले?"

माय आतून धावत आली. नानांचं तोंड पाहून तिने तिथेच कपाळ बडवायला सुरुवात केली. मग तिचं लक्ष आबांकडे गेलं, हात थांबला, आणि आता कोणासाठी रडायचं ते तिला कळेना.

"मी मातीले जाई ऊनू," नाना म्हणाले.

"कोनानी मातीले?"

"लांब्यानी."

पुढचं काकांनी सांगितलं, नानांच्या धाकट्या भावाने. ते ओल्या धोतराने कुडकुडत होते, पण सांगायची हौस दांडगी. लांब्याला या चित्रात शेवटी गोळी लागली. उठला नाही. पेटीत घालून त्याला खड्ड्यात उतरवलं. आमच्यात जाळतात, पण गोसाव्याला पुरतात, आणि पुरताना जमलेला प्रत्येक जण मूठमाती देतो. पहिली मूठ घरच्या माणसाची. पडद्यावर खड्ड्याभोवती चार माणसं टोप्या हातात धरून उभी होती, त्यातलं एकही पुढे होईना. तेव्हा काठीवाल्याने आपल्या खोडीप्रमाणे लोकांकडे वळून विचारलं, "या बिचाऱ्याचं घरचं कोणी आहे का? पहिली मूठ घरच्याची!"

तंबू भरलेला. कोणी हललं नाही. काका म्हणाले, बैलसुद्धा घंटा वाजवेनात.

"मंग तुना बाप उठना," काकांनी मला सांगितलं. "म्हने, मी शे."

नानांनी बसल्या जागची माती मुठीत घेतली, पुढे गेले आणि पडद्यावर टाकली. मग सगळा तंबू उठला. सगळ्यांनी मूठमाती दिली. मालक बोंबलत होता, अरे पडदा नवा आहे, पडदा नवा आहे. त्यानंतर पुढच्या हंगामातही त्या पडद्यावर कोणीही आलं तरी तोंडाला माती घेऊनच यायचं. बाकीच्यांनी ठरवलं की आपण परकी माणसं, घरी जाऊन आंघोळ केली की सुटलो. नानांनी उजाडताच जिनाबाहेर बसणाऱ्या न्हाव्यापुढे तोंड केलं.

"अरे, तो नाटकी शे!" आबा ओरडले. "तो मरना नही!"

"मले कयस ना, आबा. तो तठे चहा पी ऱ्हायना व्हई."

"मंग?"

"माती तं खरी व्हती."

आबांनी दोर पुन्हा उचलला.  

सुतक दहा दिवसांचं. लग्न आठव्या दिवशी. मायने काकांना पिटाळून शेजारच्या गावचे जोशीबुवा आणवले. ते ओट्यावर बसले, गूळ-पाणी घेतलं आणि सगळं दोनदा ऐकलं. मी दाराआड होते.

"गोत्र काय त्याचं?" त्यांनी विचारलं.

"गोसावी शे," नाना म्हणाले.

"तुम्ही स्वतः पुढे झालात? कोणी ढकललं नाही?"

"नही."

"मिशीही आपण होऊन काढली?"

"हो."

"मग दहा दिवस," जोशीबुवा म्हणाले.

माय दाराआडून म्हणाली, "पण बुवा, तो माणूस जिवंत शे!"

जोशीबुवा विचारात पडले. माणूस भला होता, आमचं काम व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणाले, जिवंत माणसाला चुकून माती दिली असेल तर त्याला तोड आहे. त्याला पुन्हा जन्माला घालायचं. पाळण्यात ठेवायचं, नाव ठेवायचं, बारसं करायचं.

"पाळण्यात काय ठेवू?" मायने विचारलं. "तो सहा हात लांब शे."

"त्याचं चित्र चालेल. तंबूबाहेर लावतात तसलं."

माय काकांना म्हणाली, आत्ताच्या आत्ता शिरपूरला जा. काका उठले, चपला घातल्या. तेवढ्यात मायला शंका आली. "बारसं कयं म्हंजे सुतक गयं ना, बुवा?"

"मेल्याचं गेलं," जोशीबुवा म्हणाले. "मग जन्माचं धरायचं. तेही दहाच दिवस."

काकांनी चपला काढल्या. माय आत गेली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घरातून फक्त भांड्यांचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी धुळ्याची माणसं आली. झालं असं की नानांना मिशी काढून बसलेलं जिनापाशी कोणीतरी पाहिलं. ती बातमी कापसाच्या गाड्यांबरोबर धुळ्याला गेली आणि तिथे पोचेपर्यंत आमचे आबा मेले होते. सोयऱ्याच्या घरी मौत झाली तर दारावर यावंच लागतं. माझी होणारी सासू, सासरे, सासूची बहीण आणि आणखी दोन बायका अशी माणसं एस.टी.ने फाट्यावर उतरली, चालत गावात आली, आणि रिवाजाप्रमाणे मारुतीच्या देवळापासून तोंडावर पदर घेऊन बायकांनी रडायला सुरुवात केली.

आबा ओट्यावरच होते. दोर वळत होते. गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकून ते कान देऊन ऐकायला लागले.

"आबाऽ, कसे हो गेलाऽत! पोरीच्या अक्षता टाकायच्या राहिल्या होऽ!"

आबांचे हात थांबले.  पुढे होऊन सांगावं तरी काय सांगावं? बायका पदरातून खाली पाहत, रडत रडत ओट्यापर्यंत आल्या.

"देवमाणूस होऽ! कोणाला कधी वाकडा शब्द बोलले नाहीऽत!"

"बोलनू शे," आबा म्हणाले. "बराच लोकस्ले बोलनू शे."

रडणं मधेच तुटलं. माझ्या सासूने पदर वर केला. समोर आबा. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं, मग नानांच्या ओठाकडे पाहिलं. ती घाबरणारी बाई नव्हती, पुढे चाळीस वर्षं मी ते पाहिलं. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "कोण मेलंय ते मला एकदा सांगा. मी देवळापासून रडतेय."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी लांब्याचा सगळा जन्म सांगितला, सात भावांपासून खड्ड्यापर्यंत. सासूने मधेच विचारलं, "मुलंबाळं?" "नही." "घरदार?" "नही. घोडं शे." सासरे पुढे सरकले. ते एकदम म्हणाले, "अहो, थांबा. उंच, हनुवटीला खड्डा असलेला ना? परवाच धुळ्याला पाहिला मी त्याला."

"कसा व्हता?" नानांनी लगेच विचारलं.

"बरा होता. एकाला नदीत बुडवत होता."

नानांनी मान हलवली. बरं वाटलं त्यांना.

सासूची बहीण मात्र चांगलीच खवळली. आवाज न लपवता म्हणाली, "बापाच्या डोक्यात हे, तर पोरीच्या डोक्यात काय असेल? चल, उठ. नरडाण्याचे लोक अजून थांबलेत."  मी दाराआड उभी होते आणि मला कळलं की आता ही माणसं उठली की गेली. पुन्हा स्थळ यायला वर्ष जाईल, आणि जे येईल ते कुठल्यातरी विहिरीचंच येईल.

सासू उठली नाही. तिने मला बाहेर बोलावलं.

"तुझा बाप वेडा आहे का गं?"

"नाही," मी म्हटलं. "हट्टी आहेत."

"तुझं काय म्हणणं आहे?"

"तिथी चुकायला नको."

"का? पोरगा इतका आवडला? तू तर त्याला पाहिलंही नाहीस."

"तुमच्याकडे नळ आहे," मी म्हटलं.

मायने जीभ चावली. सासूने माझा हात ओढला, उताणा केला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला, बाजारात भाजी दाबून पाहतात तसा. हात सोडला. मग तिने बरोबर आणलेल्या टोपलीवरचं फडकं काढलं. मौतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयरे भाकरी आणि पिठलं घेऊन येतात. ती टोपली परत नेता येत नाही, अपशकुन. आणि जिथे कोणी मेलं नाही तिथे ते अन्न खाताही येत नाही.

"याचं काय करायचं?" सासूने विचारलं. "वीस भाकरी आहेत."

"आना अठे," नाना म्हणाले. "सुतक मले शे."

ते टोपली घेऊन अंगणात वेगळे बसले आणि खायला लागले. आम्ही सगळे पाहत होतो. तिसरी भाकरी संपली तेव्हा सासू जोशीबुवांना बोलवा म्हणाली. काका सायकलवर जाऊन त्यांना घेऊन आले तोवर नाना पाचव्या भाकरीवर होते. सासूने बुवांना विचारलं, मेलेला माणूस यांच्या भावकीतला आहे का? नाही. मग सुतक घराला कसं? ज्याने मूठ टाकली त्याच्या एकट्याचं ते. बुवा म्हणाले, तसंही म्हणता येईल, पण मग त्याला घराबाहेर राहावं लागेल, मांडवात येता येणार नाही, कन्यादान करता येणार नाही. सासू म्हणाली, कन्यादान मामा करेल. आणि नानांकडे वळून म्हणाली, "नाहीतर सोपं आहे, व्याही. एक आंघोळ करा आणि म्हणा, तो माझा कोणी नव्हता. बुवा मोकळं करतील. करतील ना, बुवा?"

"करतो की," बुवा म्हणाले. "आत्ता करतो."

एवढंच म्हणायचं होतं. तो माझा कोणी नव्हता. आणि ते खरंही होतं. मायने स्वतः बादली भरून आणली आणि नानांसमोर ठेवली. नानांनी बादलीकडे पाहिलं. तोंडातला घास चावून संपवला.

"मंग मी मळामा जास," ते म्हणाले.

"अहो, पोरीचं लग्न शे!" माय किंचाळली.

"पोरगीले बठ्ठा शेतस," नाना म्हणाले. "माय शे, मामा शे, आबा शे. आते ह्या बी शेतस. त्याले कोन व्हतं?"

हे ऐकून मला काही भरून वगैरे आलं नाही. राग आला. चौथीपासून यांच्या घरात पाणी भरलं मी, आणि हे त्या घोडेवाल्यासाठी मळ्यात निघाले. पण मांडव घातला जाणार होता, तिथी टिकली होती, म्हणून मी तोंड मिटून घेतलं. माय मात्र त्या दिवसापासून नानांशी बोलली नाही, जेवणही काकांच्या हाती पाठवलं. नाना मळ्यातल्या खोपीत राहिले. राहिलेल्या भाकरी घेऊन गेले.

लग्न झालं. वरण-बट्टी झाली, वांग्याची भाजी झाली. मामाने कन्यादान केलं आणि त्या मानाने तो वर्षभर फुगून होता. पाहुणे विचारायचे, मुलीचे वडील दिसत नाहीत? आबा सांगायचे, सुतकात आहे. कोणाच्या? त्यावर आबा एकेकाला वेगवेगळं सांगायचे. एकाला म्हणाले जावई, एकाला म्हणाले बैल.

उन्हं कलायच्या आत वरातीची गाडी निघाली. शिरपूरला जाऊन एस.टी. धरायची होती. वाट आमच्या मळ्यावरून जाते. कापूस वेचून झालेला, नुसत्या काड्या उभ्या. नाना बांधावर उभे होते, आठ दिवसांची खुरटी दाढी, कमरेला एकच धोतर. मी गाडी थांबवायला सांगितली. मध्ये रस्ता होता. सुतकामुळे त्यांना इकडे यायचं नव्हतं, मला तिकडे जायचं नव्हतं.

"इथूनच पाया पड," सासू मागून म्हणाली.

मी बसूनच राहिले.

"नाना," मी म्हटलं, "तो तुमले वळखस बी नही."

"मी तरी कोठे वळखस त्याले," नाना म्हणाले. "नाव बी माहीत नही."

"मंग?"

"मंग काय. दोन दिन ऱ्हायनात. काढी लेस." आणि थोडं थांबून म्हणाले, "जेवनी का तू?"

 मी मान हलवली. गाडीवाल्याने बैल हाकले.

नवरा शेजारी बसला होता.  मळा मागे पडल्यावर त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "कोणाबद्दल बोलत होतात तुम्ही?"

मी सांगायला लागले, अगदी सात भावांपासून. शिरपूर आलं तरी लांब्या अजून घोड्यावरून पडतच होता.